खिडकीकडचे चालू

आत्याचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाला चालू, शेजारीण चालू, भिंतीवरचं घड्याळ तर बंद पडलं तरी चालूच, म्हणजे लबाड. प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सगळं करणाऱ्या या बाईला तिथले सगळे आत्याच म्हणत.

पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या, एक दाराकडे, एक खिडकीकडे. पिंजऱ्यांच्या वर-खाली पत्रे, आणि एकाच रांगेच्या पत्र्यांना विजेचा दाब दिलेला. वीज अंगाला न शिवताही उंदरांवर काही परिणाम होतो का, ते बघायचं होतं. रांग कुठली, हे प्रयोग करणाऱ्या मॅडम मुद्दाम सांगत नसत. "कळलं की उंदरांना धरणारा हात बदलतो, आत्या."

"सांगत नाहीत म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी," आत्या घरी सुनेला म्हणाली. सून प्रयोगशाळेतच बाटल्या धुवायची आणि तिला सहावा महिना लागला होता.

एकदा वायरमन दारातून मॅडमना म्हणाला, "खिडकीकडचे चालू आहेत." झालं. आत्याने ते नेमकं ऐकलं. त्या दिवसापासून ती दाराकडचे उंदीर तळहातावर घेऊन त्यांच्याशी गप्पा मारायची आणि खिडकीकडचे लांब चिमट्याने उचलायची. हळूहळू खिडकीकडचे सुकले.

"बघ, माझं कधी चुकतं का? उद्यापासून तिकडे पाऊल टाकायचं नाही."

"आई, माझ्या मैत्रिणी आहेत तिथे. मला घरी करमत नाही हो."

पण आत्याच्या हट्टापुढे कुणाचं चाललंय? सुनेने काम सोडलं. आत्या डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पाळत ठेवू लागली. कुठे दुखतंय का, काही लपवत तर नाहीस ना, एकसारखं तेच. सुनेला जेवण जाईना. आत्याने त्याचंही खापर विजेवरच फोडलं.

प्रयोग संपला आणि मॅडमनी कपाळाला हात लावला. "खिडकीकडची रांग पहिल्यापासून बंद होती, आत्या."

"मग वायरमन कसा म्हणाला?"

"पंख्यांचं सांगत होता तो. हे उंदीर तुमच्या चिमट्याला घाबरले. घाबरून खाईनासे झाले. आता सगळं पहिल्यापासून करायचं."

मॅडम सारवासारव करतायत, असंच आत्याला वाटलं. खात्री करायला तिने मोकळा हात पिंजऱ्यात घातला. उंदीर अंग चोरून कोपऱ्यात सरकला. 

घरी सून भिंतीला टेकून बसली होती. ताटातलं तसंच होतं. आत्याने जवळ जाऊन तिच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला, तशी सून अंग चोरून बाजूला सरकली.

"आता कसला संशय आलाय, आई?"