माग चालू असताना

प्रणालीला इंग्रजी बोलता येत होतं, पण फक्त घरी, आणि तेही बाबांचा माग चालू असताना. ही गोष्ट तिच्या स्वतःच्याही ध्यानात आली नव्हती.

गोळीबार चौकामागच्या गल्लीतले बाकीचे विणकर कधीच दुसऱ्या कामांना लागले होते. तिचे बाबा, हेमराज, तेवढे हातमागावर टिकून होते. पुढच्या खोलीत माग, त्याला लागून खिडकी, आणि मोबाइलला रेंज मिळायची ती त्या खिडकीतच. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला कॉलेजनं ऑनलाइन इंग्रजी लावलं, तेव्हा प्रणाली इयरफोन घालून तिथं बसू लागली. ॲपमधली बाई वाक्य म्हणे, प्रणाली तेच म्हणे, आणि शेजारी धोटा सुतातून इकडून तिकडे धावे. खट्, वाक्य. खट्, वाक्य. चुकलं की पडद्यावर लाल रेघ.

"अशी सासू नको भेटू देजो देवा पोरीले," आई म्हणायची. "दिवसभर चुकाच काढून राहिली."

पहिली तोंडी परीक्षा तिनं शहराच्या टोकाला, बेसाला, अबोली नावाच्या मैत्रिणीच्या फ्लॅटवरून दिली. बंद दारं, बंद खिडक्या, पंख्याचाही आवाज नाही. पडद्यावर परीक्षा घेणाऱ्या अरुंधती मॅडम आल्या आणि पाठ असलेलं स्वतःचं नावगावसुद्धा प्रणालीला सांगता येईना. नापास. आता एकच फेरपरीक्षा उरली होती. तीही गेली असती, तर पदवी वर्षभर लटकली असती.

बाबांनी सगळा दोष मागावर घेतला. या खटखटीत पोरगी काय शिकणार, असं ते प्रणालीच्या आईला, अनुसयाला, म्हणत राहिले. फेरपरीक्षा घरूनच दे, मी बंदोबस्त करतो, असं त्यांनी बजावलं. परीक्षेच्या दिवशी ते शेजारच्या बाबनरावांकडं जाऊन त्यांची पिठाची चक्की थांबवून आले. अनुसयाला कुकर उतरवायला लावला. मग मागावरून उठले आणि हात मांडीखाली दाबून कोपऱ्यात बसले.

घर थिजलं. पडद्यावर अरुंधती मॅडमनी विचारलं, तुमच्या घरचा एखादा दिवस सांगा. प्रणालीनं तोंड उघडलं, आणि तिला आजोबा आठवले. त्या घरात माग भर दिवसा थांबे तो सुतकातच. आजोबा गेले तेव्हाही धोटा असाच अर्ध्यावर पडून होता, आणि माणसं अशीच भिंतीला टेकून बसली होती. या शांततेत बोलायचं नसतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच होतं.

प्रणालीनं कोपऱ्याकडं पाहिलं.

"बाबा, माग चालू करा ना जी."

"येडी झाली का वं? पेपर चालू आहे तुहा."

"म्हणूनच म्हणतो ना."

बाबा बिचकत उठले. पहिली खट् हलकी आली, दुसरी जरा धीट, मग माग आपल्या चालीवर आला. मॅडमनी विचारलं, हा कसला आवाज? प्रणाली इंग्रजीत म्हणाली, "हे माझे बाबा." मॅडम हसल्या. मग माग कसा चालतो, पायाखालची पट्टी कधी दाबायची, काठाचा रंग कुठून येतो, सगळं तिनं सांगितलं. यातलं एकही वाक्य ॲपमधल्या बाईनं शिकवलेलं नव्हतं. धोट्याला इंग्रजी शब्द सुचेना. ती सरळ 'धोटा' म्हणाली आणि पुढं गेली. मधे दोनदा अडखळली, एकदा स्वतःशीच हसली. वेळ संपला तरी मॅडम विचारतच होत्या.

निकाल त्याच दुपारी पडद्यावर आला: पास. अनुसया कुकर पुन्हा चढवायला गेली आणि जाता जाता मागापाशी थबकली. बोटभर कापड काठाच्या रंगाचं सूत न घालताच विणलं गेलं होतं.

"हे काय जी केलं?"

"मी आयकून राहिलो होतो," बाबा म्हणाले.

"चांगलं आहे. पोरगी इंग्रजीत पास, अन् बाप विणकामात नापास."

ते कबूल करून बाबा एकेक धागा उसवायला बसले. उसवताना मागाचा आवाज होत नाही. प्रणाली खिडकीत आली, ॲप उघडलं, आणि त्या बाईला थांबवून ठेवलं. बाबांचं उसवणं संपेपर्यंत ती गल्लीकडं बघत बसली. बाबनरावांची चक्की केव्हाच सुरू झाली होती.