मुलींसाठी दोन खोल्या

रेवदंड्याच्या मिशन कॉलेजात मी मराठी शिकवत असे. तिथले एकुलते एक कारकून इतकं हळू बोलत, की ऐकायला वाकावं लागे. साहेबांसमोर टोपीची कड चोळत उभे राहत. मला ते भित्रेच वाटत.

एका वर्षी मुलं फार कमी आली, म्हणून कमिटीनं कॉलेज मुंबईला हलवायचं मनावर घेतलं. प्रिन्सिपॉलसाहेब खचले. कारकून पुटपुटले, "मुलींना घेतलं तर?"

"मुली पाठवणार कोण?" साहेब म्हणाले.

पुढचे चार रविवार प्रार्थना आटोपून कारकून एकटेच चौल, नागाव पायी फिरले. कमिटीच्या बैठकीच्या दिवशी त्यांनी आठ मुलींचे बाप व्हरांड्यात आणून बसवले. चेअरमननं विचारलं, "मुंबईला पाठवाल मुलींना?"

एक कोळी उठला. "मुंबयला न्हाय धाडनार. हितं शिकवा. माजी पोर मास्तरीण झाली पायजे."

कमिटीनं कॉलेजला दोन वर्षांची मुदत दिली.

संध्याकाळी पाहतो, तर कारकून आवारातल्या आपल्या दोन खोल्यांतलं सामान बाहेर काढत होते.

"मुलींना राहायला जागा नको?" ते म्हणाले. "आम्ही पडवीत राहू. मास्तर, ही पेटी धरा जरा."

मी पेटी धरली. जूनमध्ये पाच मुली आल्या.