सरांनी मला गणित घेऊ दिलं नाही

आमचे गणिताचे सर चिडले की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. इतका, की शेवटच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा कान टवकारून पुढे सरकायची. पवनीच्या कॉलेजात ते तासिकेवर होते. वर्ग असेल तर पगार, नाहीतर घरी.

गणित चुकलं तरी ते खोडत नसत. चुकलेल्या ओळीखाली बोट ठेवून विचारायचे, "हे काहून केलं?" 'असंच' म्हणणाऱ्याची खैर नसायची. आम्ही कोंढ्याहून येणाऱ्या पोरी त्यांना पाठीमागे 'काहून सर' म्हणायचो, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पहिलं वर्ष संपलं आणि फिजिक्सच्या जोडीला दुसरा मुख्य विषय निवडायची वेळ आली: गणित की कॉम्प्युटर. मला कॉम्प्युटरचं वेड. प्रोग्राम अडला की जेवणसुद्धा सुचत नसे. पण जो तो तिकडेच पळत होता. शेवटच्या दिवशी कळलं, गणिताला एकच नाव कमी पडतंय. वर्ग उघडला नाही तर सरांची नोकरी गेलीच. मैत्रिणी आपापलं उरकून मोकळ्या झालेल्या, वर मलाच म्हणतात, तूच घे ना गं, तुले काय जड आहे! तळपायाची आग मस्तकात गेली. पण सरांची मुलगी त्याच वर्षी दहावीला बसणार होती, ते डोक्यातून जाईना.

दुपारी स्टाफरूममध्ये जाऊन सांगून टाकलं, सर, मी गणित घेते.

"काहून?"

आवडतं म्हणून, म्हटलं. सरांनी तेच पुन्हा विचारलं. शेवटी मी खरं बोलले, की तुमचा वर्ग बंद पडेल जी.

"मंग मी माह्या पोटासाठी तुह्यी वर्षं खाऊ का?" आवाज इतका खाली, की मला रडूच आलं. "जा. कॉम्प्युटर लिहून ये."

मी लिहून आले. वर्ग उघडला नाही. सर अड्याळला शिकवण्या घेऊ लागले. मी त्यांना फोन केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

यंदा फिजिक्समधल्या क्वांटमनं घाम फोडला. गणितावाचून पान हलेना. नाक मुठीत धरून अड्याळ गाठलं. म्हटलं, सर, तेव्हाच घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी सतरंजीवरच्या पोरांना सरकायला लावलं.

"तेव्हा तू माह्यासाठी घेऊन राहिली होती. आता तुले पायजे आहे. बस."