तीन-तीन ठोके म्हणजे आग

कुवेतमध्ये असताना मी एकदाच चोर पकडला, आणि तो माझा नवरा निघाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही हवल्लीत एका जुन्या तीन मजली इमारतीत राहायचो. मी एका हॉस्पिटलात नर्स, हे त्याच हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. (माणसांच्या आतलं दिसायचं, पण समोर ठेवलेला चष्मा दिसायचा नाही.) त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या. रात्री नाही, भर दुपारी! दुपारी तिथे सगळं गाव दारं-खिडक्या लावून झोपतं. बाहेर भट्टीसारखं ऊन, नाहीतर तांबडी धूळ. अर्धी बिऱ्हाडं सुट्टीवर मायदेशी गेलेली. चोराला याहून सोयीची वेळ सरकारनेसुद्धा ठरवून दिली नसती.

यांनी धसकाच घेतला. "उद्या आपला टीव्ही गेला तर?"

"गेला तर गेला. जीव तर राहील?"

"जीव कोण नेतंय इथे!" हे म्हणाले आणि त्याच शुक्रवारी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला स्वतःच्या हाताने लोखंडी गज बसवले. एक गज कमी पडला. "एवढ्या फटीतून माणूस जात नाही," असा निर्वाळा देऊन हे हात धुवायला गेले.

तळमजल्यावर घरमालकाची म्हातारी आई राहायची. मुलगा नव्या वस्तीतल्या मोठ्या बंगल्यात, पण म्हातारीने हवल्ली सोडायला साफ नकार दिलेला. तिला सगळे 'मामा कबीरा' म्हणत, म्हणजे मोठी आई. (आमच्या सासूबाईंना हे पत्रातून कळवलं, तेव्हा त्या बरेच दिवस कुठल्यातरी मोठ्या मामांची प्रकृती विचारत होत्या.) तिची देखभाल करायला वार्नी नावाची बाई होती, इंडोनेशियाची, जावा बेटावरच्या एका भातशेतीच्या गावातली. माझ्याच वयाची, बुटकी, तुरुतुरु चालणारी. आम्हा दोघींची भाषा म्हणजे थोडी अरबी, थोडी हिंदी आणि उरलेले हातवारे.

एकदा जिन्यात चोऱ्यांचा विषय निघाला, तेव्हा तिने विचारलं, "इथे चोर आला तर लोक काय करतात?"

"दार लावतात," मी म्हटलं.

तिला हसू आलं. "आमच्याकडे उघडतात."

मग तिने गावाचं सांगितलं. तिथे वाटेवर पोकळ केलेला लाकडाचा ओंडका टांगलेला असतो. चोर आला की तो दोन-दोन ठोक्यांनी वाजवायचा, आग लागली तर तीन-तीन, कुणी मेलं तर एकेक, आणि म्हैस चोरीला गेली तर पाच-पाच. आवाज आला की हातातलं टाकून सगळं गाव धावतं. म्हातारे, पोरं, बाळंतिणीसुद्धा.

"म्हणजे काहीच चोरीला जात नाही?" दारात उभे असलेले हे कान टवकारून विचारत होते.

"जातं. कोंबड्या जातात. एकदा बकऱ्या गेल्या. आमचं घर जळलं तेव्हा तीन-तीन वाजले. सगळे आले. सगळे! पण पाटाला पाणी नव्हतं. म्हैस वाचली, भाताची दोन पोती वाचली. घर नाही वाचलं. बांबूचं होतं."

म्हणून ती कुवेतला आली होती. विटांचं घर बांधायला. भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर कौलं चढायची होती.

यांच्या डोक्यात मात्र ओंडकाच घुसला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या उस्मानभाईंचं शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस रत्नागिरीकडचा, कुणाला नाही म्हणणं जिवावर यायचं. यांनी त्यांच्याकडून एक जाड लोखंडी नळी आणून आमच्या दारासमोर जिन्यात टांगली. शेजारी हातोडी. मग दारोदार जाऊन सगळ्यांना ठोके शिकवले. (पाच-पाच गाळले. इमारतीत कुणाचीच म्हैस नव्हती.) लोकांनी माना डोलावल्या. एक्स-रेवाल्याशी वाद कशाला, उद्या हाड मोडलं तर त्याच्याकडेच जायचंय!

आणि तो दिवस उजाडला. रात्रपाळी करून मी सकाळी झोपले होते. कानात कापूस, डोक्याशी एसी ट्रकसारखा घरघरतोय. दारावरची बेल माझ्याच सांगण्यावरून यांनी काढून ठेवलेली. बाहेर दुपारपासून धुळीचं वादळ, दिवसाउजेडी दिवे लागलेले. हे ड्यूटीवरून लवकर सुटले, आणि घराची किल्ली हॉस्पिटलच्या डगल्यात विसरून आले. दार ठोठावलं, हाका मारल्या. मी मेल्यासारखी. तेव्हा यांना ती फट आठवली.

जिन्यातून मागे जाणाऱ्या सामाईक गॅलरीतून हे खिडकीशी आले आणि आत शिरू लागले. डोकं गेलं, खांदे गेले. पोट अडकलं.

तहान लागली म्हणून मी उठले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत अर्धा माणूस! तोंडाला ओला रुमाल गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, केसांपासून बोटांपर्यंत तांबडी धूळ. तो हात हलवत होता आणि रुमालातून "उंऽ उंऽ" असा आवाज काढत होता. मी बाहेर जिन्यात धावले आणि हातोडी उचलून नळी बडवू लागले. अरबीत चोराला 'हरामी' म्हणतात. इमारतीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून मी अरबीतच ओरडत सुटले, "हरामी! हरामी! हरामी!"

काय झालं असेल? धाड धाड दारं उघडली? लोक लाटणी-काठ्या घेऊन धावले? छे! वरच्या मजल्यावर एक कडी लागली. मग दुसरी. मग कुणीतरी दारामागे कपाट सरकवलं, त्याचासुद्धा आवाज आला. उस्मानभाई घरीच होते. नंतर मान खाली घालून म्हणाले, "वैनी, तुमचा 'हरामी, हरामी' आयकला. आमाला वाटला, नवरा-बायकोचा चाललाय. मध्ये कशाला पडा?"

एकच दार उघडलं, ते तळमजल्यावरचं. वार्नी बादलीभर पाणी घेऊन जिना चढत आली. माझ्या बाजूने ती वाऱ्यासारखी आत घुसली आणि तिने ती अख्खी बादली चोराच्या तोंडावर ओतली.

"अगं ए! मी आहे! मी!" रुमाल गळून पडला आणि चिखलातून माझा नवरा मराठीत बोलू लागला.

मी हातोडीसकट खाली बसले. वार्नीने मात्र त्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ती रिकामी बादली घेऊन उलटी धावली.

"वार्नी, थांब! चोर नाही, साहेब आहेत!"

"आग!" ती जिन्यातून ओरडली. "पाणी अजून आणते!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घाबरून मी दोन-दोनच्या जागी तीन-तीन ठोके दिले होते. ती चोर धरायला आलीच नव्हती. जळतं घर वाचवायला आली होती. आणि पुढच्याच क्षणी ओल्या पायरीवरून घसरून ती खालपर्यंत गेली.

मनगट मोडलं होतं, हे बघायला एक्स-रेची गरज नव्हती.

तेवढ्यात इमारतीचा राखणदार एका पोलिसाला घेऊन आला. "चोर कुठाय?" त्याने विचारलं. वार्नीला वर आणून मी तिचा हात धरून स्वयंपाकघराच्या दारात बसलेली, डोळ्यांत पाणी, अरबी सगळी आटलेली. खिडकीतल्या चिखलाच्या पुतळ्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हा हरामी... माझा नवरा."

पोलिसाने यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माझी बायकोसुद्धा मला हेच म्हणते," असं बोलून तो निघून गेला. यांना खिडकीतून ओढायलाही थांबला नाही!

शेवटी उस्मानभाईंनी गज कापून यांना सोडवलं. आम्ही दार सताड उघडं टाकून हॉस्पिटल गाठलं. अंगावर चिखल वाळलेल्या अवस्थेतच यांनी वार्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. प्लास्टर चढेपर्यंत ती बाई एकदाही कण्हली नाही. फक्त विचारत राहिली, "आता मला परत पाठवतील? घरावर छप्पर नाही अजून."

परत आलो तर दार तसंच उघडं, घर तसंच. एक चमचाही हलला नव्हता. हे सगळ्या खोल्यांतून फिरले आणि खिन्न होऊन म्हणाले, "काहीच नाही नेलं?"

संध्याकाळी घरमालक आला. माणूस वाईट नव्हता, पण आईच्या बाबतीत कडक. "एका हाताने ही माझ्या आईला उठवणार कशी? हिला घरी पाठवतो, दुसरी बाई आणतो." वार्नी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, हीच मोठी पंचाईत. आम्ही दोघं माना खाली घालून बसलेलो. मी शब्द जुळवत होते, इतक्यात हे एकदम उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हे सगळा दोष स्वतःवर घेणार. हे म्हणाले, "हात बरा होईपर्यंत तुमच्या आईचं सगळं माझी बायको करेल. ती नर्स आहे."

अशी मी मामा कबीराच्या सेवेत रुजू झाले. हॉस्पिटलच्या ड्यूटीआधी तिची आंघोळ, ड्यूटीनंतर जेवण आणि पाय चेपणं. वार्नी प्लास्टरचा हात छातीशी धरून शेजारी बसायची आणि शिकवायची. हॉस्पिटलात माझ्या हाताखाली शिकाऊ मुली असायच्या, पण मामा कबीराला माझं काही म्हणजे काही पटेना. पाणी गरम. चहा गार. उशी उंच. मी नाडी बघायला मनगट धरलं की ती ओरडायची, "सोड! मेले नाही अजून!"

वार्नी राहिली. पुढे दोन वर्षांनी तिच्या घरावर कौलंसुद्धा चढली. तोवर वडील वारले होते, भाऊ शहरात गेला होता, आणि त्या विटांच्या पक्क्या घराला बाहेरून कुलूप होतं. हे तिने जिन्यातच सांगितलं. म्हणाली, "आता जळणार नाही." मी काहीतरी धीराचं बोलायला गेले आणि मलाच हुंदका आला. तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पण ते पुढचं. प्लास्टर निघालं त्या दिवशी मामा कबीराने मुलाला बोलावून घेतलं. मी दारातच होते. मनात म्हटलं, इतके दिवस राबले, म्हातारी दोन गोड शब्द बोलणार. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला काढून टाक."

इतकी वर्षं नर्सिंग केलं, बढत्या मिळाल्या, निरोपसमारंभात शालही मिळाली. कामावरून मला एकदाच काढून टाकलं, आणि ते काम मी फुकटात करत होते!