भूमितीच्या तासाला उचललेला हात

आमच्या मुरुम गावच्या हायस्कुलात भूमितीच्या तासाला एक रीत होती. मास्तर गणित घालत, एकेकाला उभं करत, आणि ज्याला उत्तर येईल त्यानं न आलेल्या सगळ्यांच्या मुस्काटात एकेक ठेवून द्यायची. मास्तर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. विलीनीकरणानंतर मराठीत शिकवायला लागले, पण मारायचा हुकूम अजून "लगाव!" असाच सुटायचा.

त्या वर्गात मुलगी मी एकटी. बाकीच्या पोरी गृहशास्त्र घेऊन मोकळ्या झालेल्या. मला डॉक्टरीण व्हायचं होतं. माझी मावशी बाळंतपणात तडफडून गेली, कारण पुरुष डॉक्टरला आत घ्यायला घरातलं कुणी तयार नव्हतं. आणि कॉलेजात सायन्स हवं तर मॅट्रिकला बीजगणित-भूमिती पाहिजेच.

खरं सांगू? मला मारायला आवडायचं. वाटेत माझी वेणी ओढणारी, मागून शिट्ट्या घालणारी ती टोळभैरवं ओळीनं गाल पुढं करून उभी राहायची आणि मी फाडकन द्यायचे. सगळ्या गावात बाईमाणसानं पुरुषाला मारावं अशी तेवढी एकच जागा होती. पाटलाच्या पोराचा ओठ फुटला त्या दिवशी मी घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली.

पण दहावीत नापास होऊन माझा थोरला भाऊ माझ्याच वर्गात आला, आणि एक दिवस त्या ओळीत उभा राहिला. त्याच्यापाशी आल्यावर मी गालाला नुसता हात लावला. मास्तर म्हणाले, "अशी नाही, अशी," आणि माझ्याच कानाखाली काढली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्या रागात मी भावाला अशी दिली की त्याच्या कानातून रक्त आलं.

आम्ही घरी पोचायच्या आधीच आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, कानावर गेलं होतं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. भावावर हात उचलणारी पोरगी! पण आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खुंटीवरचा बैलाचा आसूड काढला आणि भावाला गोठ्यात नेलं.

"पोरीच्या हातचा मार खातूस? मिशा फुटल्या न्हवं तुला?" शब्दाला एक फटका.

आई दारात किंचाळत होती, "अवो, मरंल की लेकरू! सोडा की!"

तेव्हापासून हेच. मला उत्तर आलं की भावानं दोनदा मार खायचा, एकदा माझ्या हातचा, एकदा आबांच्या. येत असून गप्प बसले तर मास्तरांची छडी माझ्या बोटांच्या पेरांवर. तेही करून बघितलं. पण मास्तर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. माझ्या वहीतलं खोडलेलं उत्तर ओळखायचे आणि दुप्पट मारायचे. भूमिती अवघड नव्हती हो, तो तास अवघड होता.

मॅट्रिकचे फॉर्म भरायची वेळ आली. आई चुलीपुढं माझा हात धरून म्हणाली, "सोड माय तो इषय. तू डाक्टरीन व्हशील, पन तुजा भाऊ न्हाय राहायचा."

मी उसळले. "मलाच सांगतीस? आबांना सांग की, आसूड सोडा म्हणून!"

तिनं माझ्या थोबाडीत मारली. मग पदर तोंडात कोंबून स्वतःच रडत बसली.

त्या संध्याकाळी मी भावाच्या पाठीला हळद-तेल लावत होते. वळावर वळ उठलेले. विचारलं, "काय करू रे दादा?"

"सोडू नगंस," तो पालथा पडूनच म्हणाला. "तुला येतंय, मला येत न्हाय. त्यात तुजा काय गुन्हा?" एवढ्यात माझं बोट जखमेला लागलं आणि तो कळवळला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडं जाऊन मी गृहशास्त्र घेतलं. कुणी बखोटीला धरून नेलं नव्हतं. मीच सोडलं, दातओठ खात सोडलं.

गृहशास्त्राच्या खोलीत आम्ही बटणं टाचत असू आणि भिंतीपलीकडनं "लगाव!" ऐकू यायचं. सुई माझ्या बोटात जायची. थोड्याच दिवसांत भाऊ घरी आला तो गाल सुजवून, ओठ फुटलेला. आबा पाटावर जेवायला बसलेले, आसूड त्यांच्या डोक्यावर खुंटीला.

"कुणी मारलं?" आबांनी विचारलं.

"पाटलाच्या पोरानं."

"बरं," आबा म्हणाले, "अभ्यास करत जा." आणि ताट पुढं ओढून मला म्हणाले, "वाढ गं."

मी भाकरी वाढली.