पदवीवरचं नाव

कुणाच्या लग्नाचं बोलावणं आलं की द्वारकाबाई आधी विचारायच्या, "मुलीचं नाव बदलणार का हो?" मुलगा, मुहूर्त, गाव, सगळं नंतर. कर्जतला मी शिकले त्या मुलींच्या शाळेत त्या दुय्यम शिक्षिका होत्या. लोक म्हणत, बाई जरा चक्रम आहेत. मलाही तसंच वाटे.

खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. बाई माहेरच्या चंपा. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने द्वारका लिहिलं आणि वर्षाच्या आत तो गेला. वडिलांनी लेकीला माघारी आणलं. पुढे बायकांसाठी निराळं विद्यापीठ निघालं, तेव्हा तिथे घातलं. मराठीतून शिकवतात एवढं ऐकूनच बाईंनी ट्रंक भरली होती. अर्जावर वडिलांनी माहेरचं नाव घातलं. लेक पुन्हा आपली झाली, इतकंच त्या भल्या माणसाच्या मनात होतं. पण सासर कर्जतशेजारच्या खालापूरचं, त्यामुळे या बाजूला बाईंना सगळे द्वारका म्हणूनच ओळखत. नोकरीत तेच नाव लागलं.

मग मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. ती पदवी सरकार मानत नसे. तरी शाळेच्या मंडळाने मोठ्या मिनतवारीने ती ग्राह्य धरायचं कबूल केलं. तेवढ्यात कारकुनाने कागद पाहिला. पदवी चंपाची, नोकरी द्वारकाची. दोघी एकच, असं सासऱ्यांनी लिहून द्यावं म्हणाला. बाई तीनदा खालापूरला गेल्या. सासरे ओटीवरून उठलेदेखील नाहीत.

"आमची सून शिकाया गेलीच नाय," ते म्हणाले. "गेली ती कोण, आमाला ठावं नाय."

जागेवर बाहेरचा एक मास्तर आला. त्याला हजेरीपट भरायला बाईंनीच शिकवलं. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्याच विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाले होते. सासरचे शिकवायला तयार होते. नाव तेवढं राहू द्या, असं बाई माझ्या आईला विनवत होत्या.

"बाई, पोरगी शिकतेय ना? मग नावाचं काय घेऊन बसताय? आमाला गावात रावायचं हाय," आई म्हणाली.

मंडपात विधवेने पुढे यायचं नसे. बाई खांबापाशी उभ्या होत्या. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठी काढली. बाई माझ्याकडेच बघत होत्या. माझा नवरा ऐकणाऱ्यातला होता, मी बोलू शकले असते. मी मान खाली घातली. परीक्षेचा कागद जुन्या नावाचा राहिला, विद्यापीठाला पत्रं लिहिण्यात वर्ष गेलं, आणि मग घरात पाळणा हलला. बाईंनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

बाई दुय्यम शिक्षिका म्हणूनच गेल्या. त्यांचं सामान आवरायला मी शाळेत गेले, तेव्हा हेडमास्तरांनी ट्रंकेतली पदवी माझ्यापुढे धरली आणि ही चंपा कोण, म्हणून विचारलं. आमच्या बाई, मी म्हटलं. कचेरीच्या दप्तराला लावायला तसं लिहून द्या, ते म्हणाले.

मी लिहून दिलं. त्यांनी वाचलंसुद्धा नाही, तसंच दप्तराला लावलं. दोनच ओळी लागल्या.