भिवराबाईची चूळ

उन्हाळ्यात रोज सकाळी भिवराबाई तलावात उतरायची, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची आणि गाल फुगवून तशीच उभी राहायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई तोंड धुते आहे. पण तोंड धुणारा माणूस डोळे मिटून असा ताटकळत नाही. बऱ्याच वेळाने ती चूळ थुंकायची, पदराने ओठ पुसायची आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कुणी असो नसो, मोठ्याने सांगायची, "हाये अजून." मग ढिवरांच्या वस्तीचा दिवस सुरू व्हायचा.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं. गावाला जुना तलाव आणि त्याच्या पाळीला लागून मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवरांची घरं. वैशाखात तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरायचा आणि सगळे मोठे मासे त्या डोहात गोळा व्हायचे. तेव्हा मासे धरणं अगदी सोपं, लहान पोरंही हाताने धरतील. म्हणून तर बंदी होती. डोहात बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधायचे आणि पावसाने नाला वाहून मासे अंडी घालायला वर चढेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही. याला 'डोह बांधणं' म्हणत. ही राखण भिवराबाईच्या नवऱ्याकडे होती. तो वारला तशी ती हिच्याकडे आली. बाईमाणसाला हा मान कसा, असं म्हणणारे गावात होते. तिच्या तोंडावर म्हणणारं कुणी नव्हतं.

चूळ कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. मी तेव्हा बल्लारपूरकडे एका कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर नुकताच लागलो होतो, शनिवारी घरी यायचो. ती म्हणाली, "पानी गोड हाये का, थंड हाये का, थे जिभेले समजते. जिभेले सोसलं त माशाले सोसते." आणि मग माझ्याकडे पाहून, "तू कोळशाचा मानूस. तुह्या कोळशाले कुठी तहान लागते?" माझी थट्टा करायची संधी तिने कधी सोडली नाही.

एका वर्षी डोह बांधलेला असताना सरपंचाकडे चंद्रपूरचे पाहुणे आले. त्यांना तलावाचा मासा हवा होता. सरपंचाचा गडी निरोप घेऊन आला तर हिने त्याच्या हातात आपली अंड्यावरची कोंबडी पाय बांधून दिली. "पाव्हण्याले सांगजो, मासोळ्या गाभण हायेत. बाळंतिणीच्या घरी जेवाले कोनी येते का?" पाहुणे कोंबडी जेवून गेले, आणि पुढे कित्येक दिवस सरपंच दिसला की लोक त्याला बाळंतिणीची खुशाली विचारायचे. स्वतःच्या मुलाच्या, मारोतीच्या लग्नातही तिने हेच केलं. ढिवराच्या घरचं लग्न आणि पानात वांग्याची भाजी! वऱ्हाडी तोंडं वाकडी करून बसले, नवरीच्या मामाने तर ताट सरकवलं. ही हात जोडून म्हणाली, "भाऊ, डोहातलं आपलं नाई. थे पुढच्या सालाचं हाये. पानी आलं का येजो, पोटभर खाजो." मामा खरोखर श्रावणात आला, आणि तिने त्याला उठवेना इतकं वाढलं.

बदल पहिल्यांदा तिच्या जिभेला कळला. खाणीवर आम्ही नुसते 'यंदा जास्तच तापतंय' म्हणून कूलरमध्ये पाणी ओतायचो. एका उन्हाळ्यात ती माझ्या आईला म्हणाली, "दुपारी पानी तापते, थे त तापनारच. पन सकाळी थंड राहे. आता पहाटेबी कोमटच लागून राह्यलं, वो बाई. रातीले ऊन असते का?" आई हसली. भिवराबाई हसली नाही. पाऊसही पूर्वीसारखा उरला नव्हता. यायचा तेव्हा पाळ फोडील असा यायचा आणि मग महिनाभर तोंड दाखवायचा नाही. तलाव दर वर्षी थोडा लवकर डोहावर यायचा. ती मात्र नेहमीच्याच दिवशी बांबू रोवायची आणि नेहमीच्याच मोसमात पावसाची वाट पाहायची. तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं, आणि दुसरं काही ठाऊक असलेला कुणी आमच्यातही नव्हता.

मग ते वर्ष आलं. मृग लागला तरी आभाळ पांढरंफटक. जंगलात मोहफुलं कमी पडलेली, शेतात मजुरी नाही, ढिवरांच्या घरांत नुसत्या भातावर दिवस चाललेले. डोहात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि त्यात बोटरीसारखी मोठाली गावरान मासळी पाठी घासत फिरत होती. सगळे पाळीवर जमले. तोंड उघडलं ते मारोतीने.

"माय, आता पुरे झालं. आज काढू. काही खाऊ, काही इकू, उरलं त सुकवू."

"मिरगात कोनी डोहात उतरते? तुहा बाप असता त तोंडात मारली असती तुह्या."

"बाप असता त त्यानंबी पायलं असतं. पोट्टे उपाशी हायेत, माय."

"मले दिसत नाई का? पन हे काढलं त पुढच्या साली का खासान? आन त्याच्या पुढं?" मग ती जरा मऊ झाली. "एवढे दिवस थांबलो. आभाळ पाय. येऊनच राह्यलं."

आणि खरंच, त्या संध्याकाळी ढग आले. काळे, जड, पार पाळीवर टेकलेले. वारा पडला. लोकांनी मान्य केलं की बाई बरोबर होती. मी त्या शनिवारी घरीच होतो. अंगाला कापड सोसत नव्हतं, तरी सगळ्यांची मनं हलकी झाली होती. मारोतीसुद्धा जाळं गुंडाळून ठेवून हसत घरी गेला.

सकाळी वस्तीतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी धावलो. डोह पांढरा दिसत होता. मासे पोटं वर करून तरंगत होते, काही अजून तोंड पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायला धडपडत होते. ढगांनी जमिनीची वाफ दाबून धरली होती, वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि त्या तापलेल्या पाण्यात माशांना श्वास उरला नव्हता. पाऊस एक थेंबही पडला नाही. भिवराबाई साडीसकट डोहात उतरली होती आणि हाताने पाणी वर उडवत होती. "घ्या रे, घ्या, माह्या लेकरांनो," म्हणत होती. मारोतीने तिला धरून बाहेर काढलं. दुपारपर्यंत सगळं नासलं. उपाशी घरांतल्या माणसांनी ते मासे टोपल्यांत भरून पाळीमागे खड्डा खणून पुरले.

पाऊस आला तो त्यानंतर आठवडाभराने, आणि असा आला की तलाव तुडुंब. नाला वाहायला लागला. बायका दर वर्षीप्रमाणे टोपल्या घेऊन चढणीच्या माशांसाठी नाल्यात उभ्या राहिल्या. दिवसभर उभ्या होत्या. टोपल्यांत आली ती बेडकं. संध्याकाळी त्या तिच्या दारावरून परतल्या, पण नेहमीसारखी हाक मारायला कुणी थांबली नाही.

तिला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर तिने उत्तर दिलं असतं, भांडली असती, मोकळी झाली असती. लोकांनी फक्त तिला डोहाचं विचारणं सोडलं. बांबू दुसऱ्याच कुणीतरी रोवायला लागला. तलावात सरकारी केंद्रातून आणलेलं कटला-रोहूचं बीज पडू लागलं. ते तलावात वाढायचं, पण पिलावळ करायचं नाही, दर वर्षी नवं आणावं लागायचं. मारोतीने जाळं सोडलं आणि मी त्याला बल्लारपूरला कोळशाच्या वाघिणी भरण्याच्या कामावर लावून दिलं. तो आईशी बोलायचा, पण कामापुरतं. भिवराबाईने चूळ घेणं थांबवलं. मी शनिवारी घरी गेलो की ती ओसरीवर बसलेली दिसायची, तलावाकडे पाठ करून.

पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या एका संस्थेची माणसं गावात आली. धूर कमी करणाऱ्या चुली आणि सौर कंदील वाटायचे होते, त्याआधी शाळेच्या पटांगणात माहिती. बोलणारा मुलगा चांगला होता, मनापासून सांगत होता. कोळसा आणि तेल जाळल्याने साऱ्या पृथ्वीची हवा तापते आहे, पावसाचं वेळापत्रक बिघडतं आहे, पाणी तापतं आहे. कोळसा म्हटल्याबरोबर सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. "हा पाय, हा भाऊच पाठवते गाड्या भरभरून!" कुणीतरी ओरडलं. मोठा हशा पिकला, मीही हसलो. माझ्या घरातला पंखा, कंदील वाटणाऱ्यांची जीप आणि गावातला विजेचा नवा खांब, सगळं त्याच कोळशावर नाहीतर तेलावर चाललं होतं, तेव्हा हसण्याशिवाय काय करणार होतो?

भिवराबाई बायकांच्या मागे बसली होती. ती उठली. इतक्या वर्षांत तिला चारचौघांत उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हशा आपोआप थांबला.

"मले एकच सांग, बाबू," ती म्हणाली. "आमच्या डोहातलं पानी एका साली तापलं आन सारे मासे मेले. थे याच्यानंच झालं का माह्यानं?"

त्या मुलाला त्या सालाचं काही माहीत नव्हतं. तो थोडा विचार करून प्रामाणिकपणे म्हणाला, "आजी, एका वर्षाचं, एका तलावाचं असं नक्की सांगता येत नाही. अनेक वर्षांचं मिळून बघावं लागतं."

ती मान हलवत राहिली. "हव. पन मी त एकाच सालाचं इचारून राह्यली," म्हणाली आणि खाली बसली. मुलगा खोटं बोलला नव्हता. तरी मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तिला कंदील मिळाला, तो तिने शेजारणीला देऊन टाकला.

सोमवारी मी हे मारोतीला सांगितलं. तो फावडं टेकून उभा राहिला. कोळशाने माखलेल्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. "थे असं म्हनाली? माह्यानं?" एवढंच दोनदा विचारलं. त्याच आठवड्यात तो गावी गेला आणि ओसरीवर तिच्याजवळ बसला. माझी आई तिथेच होती, तिने मला सांगितलं. मारोती म्हणाला, "माय, मी त्या दिशी काढले असते तरी बीज गेलंच असतं. तुह्यानं काईच बिघडलं नाई."

भिवराबाई म्हणाली, "लोकाच्या पोटात त गेलं असतं."

त्यानंतर मारोती परत बल्लारपूरला आला नाही. त्याने जुनं जाळं काढलं, विणायला बसला.

तिचा शेवटचा उन्हाळा मला नीट आठवतो. ती अंथरुणाला खिळली होती. तलाव पुन्हा डोहावर आला होता, आणि त्या वर्षी डोहात फक्त विकतचे मासे नव्हते. मधल्या पुरांमध्ये नाल्यातून बोटरी परत शिरली होती. गाभण माद्या दिसत होत्या. ऊन मात्र त्या जुन्या वर्षासारखंच होतं. ढिवरांची बैठक बसली, भांडली, उठली. मग सगळे गुपचूप तिच्या दारी आले. ज्यांनी इतकी वर्षं विचारलं नव्हतं तेच खाटेभोवती उकिडवे बसले. "बाई, तूच सांग. डोह बांधाचा का काढाचा?"

तिने मारोतीला खूण केली. त्याने डोहातून लोटाभर पाणी आणलं, तिची मान उचलून घोट तोंडात दिला. तिने गाल फुगवले, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने तिने ती चूळ खाटेखालच्या घमेल्यात सोडली.

"काढा," ती म्हणाली.

कुणाला खरं वाटेना. जन्मभर डोहाला हात लावू न देणारी बाई! "सारे काढा. आजच," ती पुन्हा म्हणाली. "भुक्या लोकाले खाऊ घाला."

सगळे मासे निघाले. वस्तीत प्रत्येक चुलीवर मासा शिजला, आमच्या घरीही आला. आणि चौथ्या दिवशी, रोहिणी नुकती लागलेली असताना, पाऊस आला. वेळेच्या कितीतरी आधी, सरळ धारांचा, तलाव भरणारा. मी तिच्या खाटेजवळच होतो. कौलांवर पाऊस वाजायला लागला तेव्हा घरात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

तिने ऐकलं. "मारोती, सारे काढले का?"

"हव, माय. सारे."

"गाभणबी?"

"हव."

तिने वर कौलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोटात गेले ना लोकाच्या?"

"गेले, माय."

"बरं," ती म्हणाली आणि कूस बदलली. पहाटे ती गेली. बाहेर नाला भरून वाहत होता, आणि त्यात वर चढायला एक मासा नव्हता.

तिच्याबद्दल वाईट बोलणारं आज आमच्या गावात कुणी नाही. एकदा थांबली ते चुकलं, एकदा थांबली नाही तेही चुकलं, आणि दोन्ही वेळा तिच्या जागी आपणही तेच केलं असतं, हे सगळ्यांना कळून चुकलं आहे. बांबू आता मारोती रोवतो. उन्हाळ्यात रोज सकाळी तो डोहात उतरतो, आईसारखीच ओंजळ तोंडात घेतो, डोळे मिटून उभा राहतो. पाळीवर माणसं वाट पाहत असतात. परवा गेलो होतो तेव्हा मीही त्यांच्यात उभा होतो. त्याने चूळ थुंकली तशी मी विचारलं, "काय म्हणते पाणी?"

मारोतीने ओठ पुसले. "मले नाई समजत, गा," तो म्हणाला.